विचारून झालेला मुलूख

विषमता आणि सामाजिक न्याय या विषयांवर विद्यापीठीय संशोधन करणारा अभ्यासक यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्यात पोचतो, तेव्हा त्याच्या हातातील प्रश्नावली नवी असली तरी प्रश्न विचारले जाण्याचा अनुभव तिथल्या लोकांना नवा नसतो, आणि ही साधी गोष्ट बहुतेक अभ्यासकांच्या ध्यानात काम अर्धे उरकल्यावर येते. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. त्या काळात जमिनीची प्रतवारी, कापसाचा पेरा, जातींची नावे, जमातींचे देव आणि लग्नविधी यांच्या नोंदी घेणारे अधिकारी या मुलखात फिरत राहिले, आणि स्वातंत्र्यानंतर त्यांची जागा तलाठी, ग्रामसेवक, जनगणनेच्या कामावरचे शिक्षक, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि सरतेशेवटी विद्यापीठांचे विद्यार्थी यांनी घेतली. दिग्रसच्या बाजारपेठेशी जोडलेल्या परिसरात कुणबी शेतकऱ्यांची गावे, बौद्ध वस्त्या, बंजाऱ्यांचे तांडे, आंध आदिवासींची घरे आणि पारध्यांचे बेडे एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि शहरात मुस्लिम व्यापारी व कारागीर आहेत. सामाजिक विषमतेची बहुतेक रूपे अशी जवळजवळ नांदत असल्यामुळे हा परिसर अभ्यासकाला सोयीचा वाटतो. ही सोयच पुढे त्याची अडचण होते. ती कशी, याचे विवेचन अशा कामाच्या अनुभवाच्या आधारे येथे केले आहे.

क्षेत्रकार्य, म्हणजे ग्रंथालय सोडून प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन केलेली माहितीची जमवाजमव, पाठ्यपुस्तकांनुसार नमुना निवडीपासून सुरू होते. दिग्रसच्या परिसरात मात्र ते बव्हंशी शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीपासून सुरू होते. अभ्यासक खुर्चीवर बसतो, उत्तर देणारा ओट्यावर किंवा जमिनीवर बसतो, आणि ज्या उंच-नीचतेची मोजदाद करण्यासाठी तो आलेला असतो तिची मांडणी पहिला प्रश्न विचारण्याआधीच अंगणात पूर्ण झालेली असते. त्यानंतर पाणी येते. बौद्ध वस्तीत किंवा बेड्यावर पाहुण्याने ते पाणी घेतले की ‘आत्ताच घेतलं’ म्हणून टाळले, हे घरातील म्हातारी माणसे बारकाईने पाहतात, आणि पुढच्या तासाभरात कोणत्या प्रश्नाला किती खरे उत्तर द्यायचे याचा निर्णय बहुधा त्या एका कृतीवर होऊन जातो. अस्पृश्यतेविषयीच्या प्रश्नावलीत पाण्याच्या व्यवहारावर प्रश्न असतातच, परंतु त्यातील सर्वांत विश्वासार्ह उत्तर प्रश्नकर्त्याकडूनच मिळालेले असते आणि ते कोणत्याही रकान्यात भरले जात नाही. दरम्यान अभ्यासकाचे आडनाव, गाव आणि त्याचे कोणी नातलग या भागात आहेत काय, ही चौकशी सौजन्याच्या भाषेत पार पडते; तो कोणत्या जातीचा आहे हे वस्तीला चहा उकळेपर्यंत कळलेले असते, त्याला मात्र वस्तीची जात जिल्हा परिषदेच्या यादीवरून माहीत असते. या दोन ज्ञानांमध्ये कोणते अधिक पक्के, हे सांगण्याची गरज नाही.

याच वेळी बहुतेक घरांतून एक प्रश्न येतो : ‘साहेब, हे घरकुलाचं हाय का?’ संशोधनाचा उद्देश समजावून सांगणे आणि सहभागासाठी संमती घेणे हे संशोधन-नीतीचे पहिले कलम आहे, आणि ते पाळणारे अभ्यासक इमानदारीने सांगतात की या माहितीचा कोणत्याही योजनेशी संबंध नाही, त्यातून काही मिळणार नाही आणि नाव कोठेही छापले जाणार नाही. ऐकणारा मान डोलावतो; तथापि ज्याच्या हातात कागद आहे आणि जो उत्पन्न, जमीन, जात व कर्ज विचारतो आहे, त्याचा कोणत्याही कचेरीशी संबंध नाही यावर विश्वास ठेवण्यासारखा अनुभव त्याच्या गाठीशी नसतो. त्यामुळे तो उत्पन्न कमी सांगतो, कर्ज नेमके सांगतो, आणि जात प्रमाणपत्रावर जशी लिहिली आहे तशी उच्चारतो. यास खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या शब्दांतून पुढे काय तयार होते याचे भान विद्यापीठापेक्षा त्याला अधिक आहे, आणि ते त्याला आले कसे हे समजण्यासाठी या मुलखातील वर्गवारीचा इतिहास पाहावा लागतो.

बंजारा समाज बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहून नेण्याचा व्यापार, म्हणजे लदेणी, करीत असे. आगगाडी आणि मिठाचे कायदे यांनी हा व्यापार मोडला, आणि भटकंती हीच ज्यांची उपजीविका होती त्यांच्याकडे संशयाने पाहणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये आला. या कायद्याने काही समूह जन्मतःच गुन्हेगार ठरवले, म्हणजे व्यक्तीने काही करण्यापूर्वीच तिच्या कुळाची नोंद पोलिसांकडे होऊ लागली. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला कायदा पुढे १९११ आणि १९२४ च्या दुरुस्त्यांनी देशभर पसरला, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, आणि त्यातून मुक्त झालेल्या समूहांना महाराष्ट्रात ‘विमुक्त जाती’ असे प्रशासकीय नाव मिळाले. गहुली या पुसद तालुक्यातील तांड्यावर १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि ज्या पोहरादेवीला देशभरातून बंजारा भाविक येतात ती दिग्रसपासून जवळच, वाशीम जिल्ह्यात आहे. म्हणजे राजकीय प्रतिष्ठा आणि धार्मिक केंद्र ही दोन्ही या समाजाला याच टापूत लाभली. असे असूनही त्यांचे वर्गीकरण एकसारखे नाही. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जाती ‘अ’ प्रवर्गात आणि ३ टक्के आरक्षणात येतात, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात लंबाडा या नावाने अनुसूचित जमातींत. पैनगंगेच्या अलीकडे एक दर्जा आणि पलीकडच्या आदिलाबाद भागात दुसरा, अशी स्थिती असल्यामुळे एकाच सोयरिकीतील दोन भावंडांची मुले दोन घटनात्मक वर्गांत मोडू शकतात.

ही गोष्ट केवळ राज्यांच्या सीमेची असती तर तिचा उलगडा सोपा होता, परंतु तीच रेषा यवतमाळ जिल्ह्याच्या पोटातूनही गेलेली होती. स्वातंत्र्यानंतरच्या अनुसूचित जमातींच्या यादीत विदर्भातील अनेक जमातींना मेळघाट, गडचिरोली व सिरोंचा यांच्याबरोबर यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी आणि यवतमाळ या तीनच तहसिलींपुरती मान्यता होती. दिग्रस त्या काळी दारव्हा तहसिलीत असल्याने आणि पुसद ही स्वतंत्र तहसील असल्याने हा सगळा पश्चिम भाग यादीबाहेर राहिला. यवतमाळ तहसिलीतील आदिवासी कुटुंब घर बदलून दारव्हा तहसिलीत आले की कायद्याच्या दृष्टीने आदिवासी उरत नसे. पुसद-उमरखेड पट्ट्यात दाट वस्ती असलेल्या आंध जमातीला या क्षेत्रबंधनाचा फटका बसला. १९७६ च्या सुधारणा कायद्याने ते उठवले, आणि त्याच कायद्याने तेलंगणातील लंबाडा अनुसूचित जमातींत आले; म्हणजे एकाच कायद्याने पैनगंगेच्या अलीकडची एक रेषा पुसली आणि नदीवर दुसरी ठळक केली. विषमतेच्या अभ्यासात ‘सामाजिक प्रवर्ग’ हा रकाना स्थिर चल म्हणून, म्हणजे अभ्यासकाळात न बदलणारा घटक म्हणून, वापरण्याची पद्धत आहे. दिग्रसमध्ये साठीच्या पुढच्या माणसाला तो रकाना भरताना स्वतःच्याच आयुष्यात तो बदललेला आठवतो. त्याच्या मोठ्या भावाला शाळेत सवलत मिळाली नाही आणि धाकट्याला मिळाली, याचे कारण घरातील गरिबीत शोधणारा संशोधक दिशा चुकतो.

वर्गवारीचा हा आग्रह जेथून आला त्या विचारपरंपरेचा वंशवादाशी, म्हणजे माणसांच्या समूहांत जन्मजात व आनुवंशिक श्रेष्ठ-कनिष्ठता मानणाऱ्या मताशी, थेट संबंध आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या रुंदी-लांबीचे गुणोत्तर काढून जातीची सामाजिक पायरी वंशावरून ठरते असे प्रतिपादन केले. डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात जातींच्या उगमावर जो निबंध वाचला, त्यात वंशाऐवजी अंतर्विवाहाला, म्हणजे समूहातच लग्ने करण्याच्या बंधनाला, जातीचे मूळ मानले, पुढे गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्ली यांचीच मोजमापे तपासून त्यांचा सिद्धान्त बहुतांश प्रांतांत टिकत नसल्याचे दाखवले, आणि १९४८ मध्ये आंबेडकरांनी त्या मापांचा आधार घेऊन ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत असा निष्कर्ष मांडला. या परंपरेतील सर्वांत विलक्षण प्रकरण इरावती कर्वे यांचे आहे. १९२८ ते १९३० या काळात त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. युरोपीय कवटीची रचना तिच्या श्रेष्ठत्वाची साक्ष देते या त्यांच्या मार्गदर्शकाच्या अपेक्षेला दुजोरा देणारा फरक त्यांना मोजमापांत सापडला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. मार्गदर्शकाला नको असलेला निष्कर्ष प्रबंधात लिहिण्याचे धैर्य आजही दुर्मीळ आहे. त्यानंतरही कर्वे यांनी महाराष्ट्रात शरीरमापनाचे काम सोडले नाही, हेही नोंदवले पाहिजे. मोजपट्टीवरचा विश्वास सिद्धान्त कोसळल्यानंतरही पुष्कळ काळ टिकतो.

जात म्हणजे वंश काय, हा वाद २००१ मध्ये डर्बन येथील वंशवादविरोधी जागतिक परिषदेच्या निमित्ताने पुन्हा पेटला. दलित संघटनांनी जातिभेदाचा प्रश्न तेथे मांडण्याचा आग्रह धरला, भारत सरकारने त्यास विरोध केला, आणि आंद्रे बेतेई यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञाने जातीला वंश ठरवणे शास्त्रदृष्ट्या चुकीचे असल्याचे मत मांडले. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने कुळावर आधारित भेदभावात जातीचा समावेश केला. दिग्रसच्या संदर्भात हा वाद काहीसा वरवरचा वाटतो. बेतेई यांचे म्हणणे शास्त्र म्हणून बरोबर आहे, परंतु १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या जन्मालाच गुन्हा चिकटवला त्यांच्या बाबतीत राज्यसंस्थेने जातीला वंशासारखेच वागवले होते, आणि कायदा रद्द झाल्यावरही चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारधी बेड्याकडे वळते, हे तेथील माणसाला सिद्धान्ताच्या मदतीवाचून ठाऊक असते.

वंशशास्त्राचे हे जुने साहित्य कपाटात बंद झाले असते तर त्याचा हा ऊहापोह अनावश्यक ठरला असता, पण ते वापरात आहे. मध्य प्रांतातील जाती-जमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये चार खंड प्रसिद्ध केले, ज्यांत वऱ्हाडातील बंजारा, आंध, पारधी यांच्या चालीरीतींची वर्णने आहेत. जातपडताळणीच्या प्रक्रियेत, म्हणजे प्रमाणपत्र खरे आहे की नाही हे तपासणाऱ्या व्यवस्थेत, अनुसूचित जमातींच्या दावेदारांसाठी दीर्घकाळ ‘आप्तभाव चाचणी’ चालत आली आहे : दक्षता पथक अर्जदाराच्या घरी जाऊन कुलदैवत, लग्नातील विधी, मृत्यूनंतरचे संस्कार, बोलीतील शब्द विचारते, आणि उत्तरे त्या जमातीच्या ग्रंथांतील वर्णनांशी जुळतात काय ते पाहिले जाते. ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले असले तरी मधल्या काळात दोन पिढ्यांनी तिची तयारी केलेली आहे. विमुक्त जातींच्या अर्जदाराला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, म्हणून ज्यांचे पूर्वज तांड्यासह फिरत होते त्यांच्या घरी आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, देव्हाऱ्याजवळ ठेवलेली आढळते.

या घरांमध्ये अभ्यासक येतो आणि विचारतो की तुमच्या समाजात लग्न कसे होते. समोरचा माणूस क्षणभर त्याच्याकडे पाहतो आणि मग एकसंध, क्रमवार, कोठेही न अडखळता असे उत्तर देतो की नवख्या संशोधकाला आपल्याला उत्तम माहितीदार मिळाल्याचा आनंद होतो. अनुभवी अभ्यासकाला मात्र तेथे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचा सूर ऐकू येतो. त्या घरातील गेल्या वर्षीचे लग्न मंगल कार्यालयात, डीजे लावून, जवळपास शेजारच्या कुणबी कुटुंबासारखेच झालेले असते, पण ते सांगणे धोक्याचे असते, कारण चाल सुटली असे लिहिले गेले तर मुलीचे वैधता प्रमाणपत्र अडकेल अशी भीती असते. मानववंशशास्त्राने शंभर वर्षांपूर्वी जे वर्णन केले त्याच्याशी जुळून राहण्याचे ओझे आज ज्यांच्यावर आहे, त्यांच्याकडूनच नवे वर्णन मागितले जाते, आणि ते जुन्यासारखेच निघाले की ‘परंपरा टिकून आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. संशोधन विषमतेचे निरीक्षण करते ही समजूत येथे अपुरी पडते. संशोधनाची फळे काही दशकांनी शासनाच्या निकषांत उतरतात, आणि ते निकष घेऊन माणूस पुढच्या संशोधकाला भेटतो.

याचे अलीकडचे उदाहरण शेतकरी आत्महत्यांच्या अभ्यासातही दिसते. यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशभर पोचले ते या प्रश्नामुळे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून २००५ मध्ये आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने २००६ मध्ये अहवाल दिले; १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, आणि पुढची काही वर्षे पत्रकार, विद्यार्थी, परदेशी संशोधक यांची या जिल्ह्यात रीघ लागली. मदतीच्या शासकीय निकषांत शेतजमीन कुटुंबाच्या नावावर असणे, बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज असणे आणि परतफेडीचा तगादा असणे या बाबी होत्या. त्या पूर्ण झाल्या तर प्रकरण ‘पात्र’ आणि एक लाख रुपयांची मदत, त्यातील ३० हजार हाती व ७० हजार ठेवीत, नाहीतर ‘अपात्र’. बटईने वावर करणारा, पाहुण्याकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून पैसे घेतलेला, सातबारा अजून वडिलांच्या नावावर असलेला, आणि जिच्या नावावर कधीच काही नव्हते अशी शेतकरी स्त्री, या सर्वांचे मरण अपात्र ठरण्याचा संभव अधिक होता. जमीन कोणाच्या हाती किती, हे वऱ्हाडात जातीपासून वेगळे काढता येत नाही. त्यामुळे जातीचा उल्लेखही नसलेला निकष जातीनुसार निवड करीत राहिला. विधवा स्त्रिया संशोधकाशी बोलताना ‘आमचं अपात्र झालं’ असे म्हणतात, आणि ते वाक्य नवऱ्याविषयी असते की त्यांच्याविषयी, हे ठरवणे कठीण जाते. त्या वर्षांत काही घरी एकाच आठवड्यात निरनिराळी चार पथके येऊन गेल्याचे सांगितले जाते. कोणाचाही अहवाल त्या घरी परत आल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते.

मोजमापाविषयी एवढी शंका घेतल्यावर मोजूच नये असा अर्थ निघू शकतो, आणि तो चुकीचा होईल. भेदभाव सिद्ध करण्याचे जे थोडे निर्णायक प्रयत्न झाले ते मोजणीतूनच झाले. अमेरिकेत मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन व शिकागोतील नोकरीच्या जाहिरातींना एकसारख्या पात्रतेचे अर्ज केवळ नावे बदलून पाठवले, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे दीडपट प्रतिसाद मिळाल्याचे दाखवले. हीच पद्धत अमरावती जिल्ह्यातील महिमापूरचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतात वापरली : ६६ आठवड्यांत ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याचे शक्यता-गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ होते. ज्यांना भेदभाव हा भावनेचा विषय वाटतो त्यांच्याशी बोलताना या दोन संख्यांइतके उपयोगी दुसरे काही नाही.

तथापि हीच पद्धत दिग्रसच्या मुलामुलींना लावू गेल्यास ती पहिल्याच पायरीवर घसरते. बंजाऱ्यांतील राठोड आणि आडे ही आडनावे ओळखू येतात, पण चव्हाण, पवार आणि जाधव ही मराठ्यांतही आहेत. वानखडे हे आडनाव बौद्ध, कुणबी आणि माळी अशा तिन्हींत सापडते. मुंबईच्या जाहिरातदाराला जे आडनाव काहीच सांगत नाही, ते वऱ्हाडात पुढच्या प्रश्नाची सुरुवात ठरते : कोणते पवार, गाव कोणते, मामाकडचे कोण. यवतमाळ किंवा अमरावतीला खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला घरमालक जात विचारत नाही. तो मटण खाता काय, गावाकडे कोण असते, वडील काय करतात असे तीन प्रश्न विचारतो आणि मग खोली कालच गेल्याचे सांगतो. येथे लेखी अर्जच नसल्यामुळे पाठवण्यासारखे काही नसते, आणि कृषी केंद्रातील किंवा जिनिंगमधील नोकरी जाहिरातीतून नव्हे तर ओळखीतून भरली जात असल्याने नाकारले जाण्याचा क्षणच उपलब्ध होत नाही. माणसाला ती जागा होती हेच नंतर कळते. ११ राज्यांतील ५६५ गावांत झालेल्या आणि २००६ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या अस्पृश्यतेच्या अभ्यासात घनश्याम शहा, हर्ष मंदर, थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी म्हणूनच प्रथांची यादी करून गावोगाव विचारण्याची पद्धत स्वीकारली. तिच्यातही जे व्यवहार दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असतात ते निसटतात, कारण ज्या घरी कधी बोलावणेच आले नाही त्या घराने बोलावणे नाकारल्याची तक्रार कशी करावी?

गेल्या दीड-दोन दशकांत या चित्रात एक महत्त्वाचा बदल झाला आहे, तो म्हणजे ज्यांचा अभ्यास होत असे त्यांची मुले अभ्यासक होऊ लागली. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती, पुण्याची बार्टी आणि २०१९ मध्ये नागपूरला स्थापन झालेली इतर मागास व विमुक्त-भटक्यांसाठीची महाज्योती या शासकीय संस्था यांच्या आधाराने तांड्यावरची आणि वस्तीतील मुले संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात व इतरत्र पीएच.डी. करीत आहेत. साहित्यात हे स्थित्यंतर फार आधी झाले होते; लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले, आणि भटक्या-विमुक्तांविषयी महाराष्ट्राला जे कळले त्यातील मोठा भाग प्रबंधांतून नव्हे, या आत्मकथनांतून कळला. विद्यापीठात मात्र या नव्या संशोधकाला वेगळ्याच संकटाला तोंड द्यावे लागते. त्याला गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, येते, त्यामुळे तांड्याचे नाईक आणि कारभारी यांच्यापलीकडे जाऊन तो चुलीपाशी बसलेल्या आजीशी बोलू शकतो, आणि खुर्ची मागण्याची गरज त्याला नसते. पण त्याच्या प्रबंधाला ‘वस्तुनिष्ठता’ सिद्ध करावी लागते, जी बाहेरच्या अभ्यासकाला आपोआप बहाल केलेली असते. मग तो आपल्याच आईच्या ऊसतोडीचा उल्लेख ‘प्रतिसादक क्रमांक’ देऊन करतो, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, विश्लेषण आणि शिफारशी या ठरलेल्या प्रकरणांत तांडा बसवतो, आणि शिफारशींमध्ये ‘शासनाने योजना प्रभावीपणे राबवाव्यात’ असे लिहितो, जे वाचून त्याची आई हसली असती. अधिछात्रवृत्तीचे हप्ते लांबले की तोच संशोधक सोयाबीनच्या हंगामात गावी परततो. हा खंड प्रबंधात दिसत नाही. तरीही जे प्रबंध अशा हातांतून लिहिले जात आहेत, त्यांच्या परिशिष्टांत, मुलाखतींच्या कच्च्या नोंदींत, अशी सामग्री आहे जी मुख्य प्रकरणांपेक्षा मोलाची आहे, आणि मार्गदर्शकांनी ती परिशिष्टातून मध्यभागी आणण्याची मुभा दिली तर या विषयाचे मराठीतील ज्ञान बरेच पुढे जाईल.

या संशोधकांनी लक्षात आणून दिलेली सर्वांत व्यावहारिक गोष्ट हंगामाची आहे. समाजकार्य आणि समाजशास्त्र विभागांचे क्षेत्रकार्य दिवाळीनंतर, पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपून, डिसेंबर-जानेवारीत ठेवले जाते, कारण तेव्हा हवा चांगली असते आणि रस्ते कोरडे असतात. नेमक्या याच काळात दिग्रस, पुसद, महागाव, उमरखेड या पट्ट्यातील तांड्यांवरून जोड्या ऊसतोडीला गेलेल्या असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानले जातात आणि गाळप संपेपर्यंत, बहुधा मार्चपर्यंत, परतत नाहीत. जे मागे राहतात ते दिवसभर कापूस वेचायला जातात, जिथे मजुरी किलोवर मिळते आणि थांबून उत्तर देणे म्हणजे पैसे गमावणे असते. मग प्रश्नावल्या भरल्या जातात त्या म्हाताऱ्यांकडून, आश्रमशाळेतून सुट्टीवर आलेल्या मुलांकडून आणि ज्यांना मजुरीला जाण्याची गरज नाही अशांकडून. अशा नमुन्यातून तांड्याचे सरासरी वय वाढते, कर्ज घटते आणि स्थलांतर हा प्रश्न ‘कुटुंबातील काही सदस्य’ एवढ्या शब्दांत आटोपतो. जून-जुलैत, डवरणी आणि निंदणाच्या दिवसांत, संध्याकाळी आठनंतर गेलेल्या अभ्यासकाला तोच तांडा पूर्णतः वेगळा दिसतो. पण त्या वेळी विद्यापीठात प्रवेशप्रक्रिया चालू असते.

ही अडचण आता विद्यापीठापुरती राहिलेली नाही. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची गणना करणाऱ्या २०२७ च्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा संदर्भक्षण ठरवण्यात आला आहे, म्हणजे माणसांची प्रत्यक्ष नोंद फेब्रुवारीत, ऐन गाळपाच्या काळात होईल. विमुक्त-भटक्यांची विश्वासार्ह संख्या उपलब्ध नसल्याचे बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आणि दादा इदाते यांच्या आयोगाने २०१८ मध्ये दाखवून दिले होते, त्यामुळे या गणनेकडून तांड्यांची अपेक्षा मोठी आहे. मागच्या जनगणनेत जो माणूस गणनेच्या संपूर्ण काळात घरी नसेल त्याची नोंद तो जिथे आढळेल तिथे करण्याची पद्धत होती. तीच पद्धत कायम राहिली तर दिग्रसच्या तांड्यांवरील धडधाकट माणसांची जात पश्चिम महाराष्ट्रातील एखाद्या साखर कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडालगतच्या कोपीत लिहिली जाईल, आणि दिग्रस तालुक्याच्या तक्त्यात त्यांची जागा मोकळी राहील. तालुक्यातील योजनांचा वाटा त्या तक्त्यावरून ठरेल, आणि विषमतेवरचे पुढचे प्रबंधही त्याच तक्त्यावर उभे राहतील.